पायांमधलं आभाळ

सोलापुरातल्या एका नव्या छायाचित्रकाराने विचारलं आहे: "नान्नजच्या माळावर आणि एका पाझर तलावाच्या बांधावर तीन संध्याकाळी गेलो. सूर्यास्तासमोर काळवीट, मेंढरं आणि धनगर टिपायचे होते. काळविटांचे पाय जमिनीत गडप झालेत, मेंढरांचा एकच काळा ढीग दिसतो, माणसं काळी यायच्या ऐवजी मातकट करडी आलीत आणि सूर्याचा पांढरा डाग झालाय. कॅमेरा क्रॉप सेन्सरचा (म्हणजे लहान सेन्सरचा), लेन्स ७०-३०० मिलिमीटरची. कधी नुसता मोबाईल असतो. चुकतंय कुठं?"

तुमच्या चार तक्रारींतल्या शेवटच्या दोन एक्स्पोजरच्या, म्हणजे कॅमेऱ्यात किती उजेड घेतला याच्या, आहेत. त्या एका संध्याकाळीत सुटतील. पहिल्या दोन मात्र तुम्ही कुठं आणि किती उंचीवर डोळा ठेवला याच्या आहेत. त्यांच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून आधी त्याच घेतो.

सपाट माळावर एक साधा नियम चालतो. क्षितिजाची रेघ समोरच्या प्रत्येक गोष्टीला तुमच्या कॅमेऱ्याच्या उंचीवर कापते, मग ती गोष्ट वीस मीटरवर असो की दोनशे. तुम्ही उभं राहून, म्हणजे साधारण दीड मीटर उंचीवरून, फोटो काढलात तर क्षितिज समोरच्या माणसाच्या खांद्याजवळून जाणार. त्याचं डोकं तेवढं आभाळात आणि बाकी सगळा देह काळ्या जमिनीवर. आता काळवीट घ्या. नराची खांद्यापर्यंतची उंची पाऊण मीटरच्या जरा वर असते. दीड मीटरवरून पाहिलं तर अख्खं जनावर क्षितिजाच्या खाली जातं, शिंगं वर निघाली तर निघाली. दिवसा हे कळत नाही, कारण रंग दिसतो. सूर्यास्ताला रंग जातो, आणि काळ्या जमिनीवरचं काळं जनावर कुठल्याही कॅमेऱ्याला वेगळं काढता येत नाही.

म्हणून पालथं पडा. कॅमेरा जमिनीपासून वीतभर वर ठेवला की क्षितिज काळविटाच्या घोट्याच्या थोडं वर येतं आणि पोटाखालून, चारही पायांमधून आभाळ दिसायला लागतं. छायाकृतीचा, म्हणजे उजेडासमोरच्या काळ्या आकृतीचा, जीव त्या मोकळ्या फटीत असतो. पायांमधलं आभाळ, शिंगांमधलं आभाळ, हात आणि कंबर यांच्यामधलं आभाळ. काळा भाग सगळीकडे सारखाच असतो. ते हरीण आहे की शेळी, चालतंय की थांबलंय, हे उजेडाच्या फटी सांगतात. मी व्ह्यूफाइंडरमधून आधी त्या फटीच बघतो, जनावर नंतर.

पालथं पडण्याआधी जागा काठीने झाडून घ्या. आपल्या मुरमाड माळावर विंचू असतात, फुरसं हा विषारी सापही असतो, आणि संध्याकाळी दगड तापलेलेच असतात. मी जाड सतरंजीचा तुकडा आणि शेंगांनी भरलेली कापडी पिशवी नेतो. पिशवीवर लेन्स टेकवली की ट्रायपॉड लागत नाही. पहिल्यांदा असा पडलो होतो तेव्हा एका मेंढपाळ मामांनी लांबूनच हाक मारली होती, "पाव्हणं, हिथं पालथं पडून काय करायलाव ओ? इच्चू-काटा हाय." मग स्वतःच्या काठीने त्यांनी माझ्या भोवतीचे चार-पाच दगड उलटून दाखवले. तिसऱ्याखाली विंचू निघाला. तेव्हापासून दगड उलटल्याशिवाय मी अंग टाकत नाही.

झोपायचं नसेल तर जमीनच तुमच्यापेक्षा उंच शोधा. सोलापूर जिल्ह्यात त्याची कमतरता नाही. १९७२ च्या दुष्काळात आणि त्यानंतरच्या कामांवर उभे राहिलेले पाझर तलाव गावोगाव आहेत. ज्याचा बांध दक्षिणोत्तर गेलाय आणि ज्याच्या पूर्वेला उतार आहे असा एक हेरून ठेवा. तुम्ही उताराच्या पायथ्याशी थांबायचं. बांधाचा माथा हेच तुमचं क्षितिज होतं, आणि त्यावरून जाणारी वैरणीचा भारा घेतलेली बाई, सायकलवाला, शेरडं, सगळी टाचेपासून डोक्यापर्यंत आभाळात येतात. तुम्ही बांधावर गेला होतात हे बरोबर केलंत, पण तुम्हीही माथ्यावर चढलात. मग उंचीचा फायदा गेला.

आता मेंढरांच्या ढिगाऱ्याचं. कळप एकत्र चालतो तेव्हा त्याची बाह्यरेषा म्हणजे एक ओबडधोबड रेघ, त्यात मेंढरू कुठलं ते कळत नाही. कळपाचा फोटो घ्यायचा तर तो सुटा होतो ती जागा धरायला हवी. बांधाला खिंड असते, ओढ्यात उतरायची वाट असते, तिथं मेंढरं एकामागून एक निघतात आणि दोन मेंढरांमध्ये हातभर आभाळ पडतं. किंवा कळप सोडा आणि त्याच्या टोकाला बघा. पुढे धनगर असतो, मागे बिऱ्हाड लादलेलं घोडं, बाजूला कुत्रं. धनगराची आकृती तर छायाकृतीसाठीच घडवल्यासारखी असते. फेटा, खांद्यावर घडी घातलेलं घोंगडं, मानेमागून आडवी धरलेली काठी आणि तिच्यावर दोन्ही बाजूंनी टाकलेले हात. हातांखाली दोन त्रिकोण उजेडाचे पडतात. तोच माणूस काठी अंगालगत धरून समोर तोंड करून उभा राहिला तर खांबासारखा दिसतो. म्हणून चालणारा माणूस बाजूने घ्या आणि पाऊल पूर्ण फाकलेलं असतानाच शटर दाबा. दोन पाय एकमेकांवर आले की तो एका पायावर उभा असल्यासारखा वाटतो. सलग दहा-बारा फ्रेम घेतल्या तर त्यातल्या दोनच पायांच्या दृष्टीने बऱ्या निघतात.

शिंगांच्या बाबतीत मात्र अगदी बाजूचा कोन फसवतो. काळविटाची पीळदार शिंगं वर जाताना फाकत जातात. बरोबर बाजूने पाहिलं तर एक शिंग दुसऱ्याच्या मागे लपतं आणि नर एकशिंगी दिसतो. त्याने मान थोडी तुमच्याकडे किंवा तुमच्यापासून दूर वळवली की दोन शिंगांमध्ये आभाळ शिरतं आणि पीळही मोजता येतो. शरीर आडवं, मान किंचित वळलेली, हा क्षण मिळायला कधी वीस मिनिटं लागतात. मादीला शिंगं नसतात, तिच्या कानांवर लक्ष ठेवा. कान टवकारलेले असले की ती हरणी वाटते, मागे पाडलेले असले की आकृती मेंढीकडे झुकते.

खिल्लार बैलांचं याहून अवघड. हंगामात उसाच्या गाड्या कारखान्याकडे निघतात तेव्हा संध्याकाळचे रस्ते यांनीच भरलेले असतात. खिल्लाराची शिंगं कपाळापासून मागे जाऊन वर वळतात, टोकाला सुईसारखी. एका बैलाची छायाकृती म्हणजे रेखाटन. पण गाडीला दोन असतात, आणि बाजूने चार शिंगांचं जाळं होतं. दोन वाटा आहेत. एक, रस्ता पश्चिमेकडून तुमच्याकडे येतोय अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला खाली बसून तिरक्या कोनातून घ्या. दोन बैलांच्या माना सुट्या होतात. दुसरी, चढ असलेली जागा शोधा. चढाला बैल मान खाली घालून जोर लावतात, आणि दोघांची मान एकाच क्षणी सारखी खाली जात नाही. अलीकडच्या बैलाने मान टाकली की पलीकडच्याची शिंगं मोकळी होतात. गाडीवानाला थांबवू नका. भरल्या गाडीचे बैल चढावर थांबवणं म्हणजे त्यांच्या मानेवर अन्याय.

आता सूर्य मोठा कसा दिसेल. तुमची ३०० ची लेन्स त्याला पुरेशी आहे. सेन्सरवर सूर्याच्या बिंबाचा व्यास फोकल लेंग्थच्या, म्हणजे लेन्सवरच्या मिलिमीटरच्या आकड्याच्या, साधारण १०८ व्या भागाएवढा पडतो, म्हणजे ३०० ला जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. क्रॉप सेन्सरवर चौकटीच्या उंचीच्या सहाव्या भागापेक्षा थोडा मोठा. बिंबाचा आकार वाढवणं एवढंच लेन्सच्या हातात. त्याच्या तुलनेत माणूस केवढा दिसेल, हे तुमच्या पावलांवर आहे. कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या १०८ पट अंतरावर ठेवली की ती सूर्यबिंबाएवढी दिसते. जपमाळेचे मणी तेवढेच, म्हणून आकडा विसरला जात नाही. एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंचीचा माणूस एकशे ऐंशी-पंच्याऐंशी मीटरवर बिंबात नेमका मावतो. शिंगांसकट सव्वा मीटर उंच दिसणारा काळवीट एकशे पस्तीस मीटरवर. लोक विषयाच्या जवळ जातात आणि सूर्य बटणाएवढा राहतो. मागे सरका, तेवढाच झूम ठेवा, सूर्य तेवढाच राहील आणि माणूस त्याच्यात जाऊन बसेल.

या हिशेबातून आणखी एक कामाची गोष्ट निघते. माणूस बिंबाच्या बाजूला पडत असेल तर त्याला हाका मारू नका, स्वतः सरका. एकशे ऐंशी मीटरवरच्या माणसाला एका बिंबाएवढं हलवायला तुम्हाला पावणेदोन मीटर, म्हणजे दोन-तीन पावलं पुरतात. तुम्ही डावीकडे गेलात की तो सूर्यासमोर उजवीकडे सरकतो. घाई मात्र लागते. आपल्या अक्षांशावर बिंब क्षितिजाला टेकल्यापासून बुडेपर्यंत सव्वादोन-अडीच मिनिटं मिळतात. शिवाय सूर्य सरळ खाली जात नाही, उजवीकडे कलत उतरतो. शेवटच्या दहा मिनिटांत तो दीड बिंबाएवढा उजवीकडे गेलेला असतो. म्हणून झाडाच्या किंवा देवळाच्या कळसाच्या मागे सूर्य यायला हवा असेल तर आधीच थोडं डावीकडे धरून बसतात ती माणसं जिंकतात.

करडेपणाचं कारण सोपं आहे. चौकटीत काळी जमीन जास्त असली की कॅमेरा सरासरी काढतो आणि सगळं उजळतो. माणूस मातकट होतो, सूर्य फुटतो. मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) स्पॉटवर ठेवा, म्हणजे कॅमेरा चौकटीतला एक छोटा ठिपकाच मोजतो. सूर्य चौकटीबाहेर ठेवून त्याच्या शेजारचं उजळ आभाळ मोजा, एक्स्पोजर लॉक करा, मग चौकट बांधा. तेवढ्यावर भागलं नाही तर एक ते दोन स्टॉप खाली घ्या (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). मी मॅन्युअलच वापरतो: आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ (लेन्सच्या छिद्राचा आकडा) ८ किंवा ११, आणि शटर सूर्याच्या तेजाप्रमाणे १/५०० ते १/४००० सेकंद. चालत्या पायांसाठी १/५०० च्या खाली उतरू नका, उडत्या पक्ष्यासाठी १/१६०० हवंच. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा तो सगळा केशरीपणा पुसून टाकायला बघतो. डेलाइट किंवा क्लाउडी ठेवा. फोकस बिंबावर नको, माणसाच्या कडेवर हवा, जिथं काळं आणि उजेड भेटतात. ३०० ला सूर्याची कड किंचित मऊ राहील, राहू द्या. शिंगाचं टोक धारदार हवं.

करडं यायला अजून एक कारण असतं, ते म्हणजे लेन्सच्या तोंडावरची धूळ आणि स्वस्त यूव्ही फिल्टर. सूर्य समोर असताना त्या काचेवरून उजेड मागे-पुढे उसळतो, काळ्यावर दुधाळ पडदा येतो आणि हिरवट ठिपकेही. फिल्टर काढा, काच पुसा. आणि हे महत्त्वाचं: जुन्या पद्धतीच्या, आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमधून ३०० लावून प्रखर सूर्याकडे बघू नका. ती लेन्स तुमच्या डोळ्यासाठी भिंगच असते. मागच्या पडद्यावर बघा, आणि बिंब उघड्या डोळ्याला सहज बघवेल इतकं मंद होईपर्यंत सूर्य चौकटीबाहेर ठेवा. कॅमेरा सूर्याकडे रोखून तसाच ठेवू नका, सेन्सर आणि शटरचा पडदा दोन्ही भाजतात.

मोबाईलवर मोठ्या सूर्याच्या मागे लागू नका. मुख्य कॅमेऱ्यात बिंब चौकटीच्या उंचीच्या शंभराव्या भागाएवढंच येतं. तिथं आभाळ हाच पडदा आणि जवळचा माणूस हीच आकृती. उजळ आभाळावर बोट दाबून धरा, लॉक झालं की बोट खाली ओढून उजेड कमी करा. एचडीआर आणि नाइट मोड बंद करा, ते दोन्ही नेमका तुमचा काळा रंग उजळायला बसलेले असतात. फोन उलटा करून लेन्स जमिनीलगत आणली तर पायांमधलं आभाळ मोबाईललाही मिळतं.

काळ आणि जागा यांचं थोडक्यात सांगतो. सोलापुरात डिसेंबरात सूर्य सहाच्या आत-बाहेर मावळतो, जूनअखेर सातच्या आसपास. दिशाही बदलते. डिसेंबरात ठीक पश्चिमेच्या साधारण २५ अंश दक्षिणेला, जूनमध्ये तेवढाच उत्तरेला. हात लांब करून धरलेली मूठ म्हणजे अंदाजे १० अंश, त्यावरून अडीच मुठी मोजा. म्हणजे थंडीत जो बांध जुळला तो उन्हाळ्यात जुळणार नाही. एप्रिल-मेमध्ये हवेत इतका धुरळा असतो की बिंब क्षितिजाच्या वर असतानाच तांबडं, मवाळ होतं. मोठ्या सूर्याच्या फोटोंसाठी माझे आवडते दिवस तेच. पावसाळ्याच्या तोंडावर ढगांखाली पश्चिमेला फट उरते, तेव्हा सूर्यापेक्षा आभाळ घ्या. थंडीत उजनी धरणाच्या पाणपसाऱ्यावर रोहित (फ्लेमिंगो) येतात. उथळ पाण्यात त्यांच्या लांब पायांमधलं आभाळ पाण्यातही दिसतं, त्यामुळे तिथं कॅमेरा पाण्यालगत हवा. आषाढीला पंढरपूरच्या पालखी मार्गावर डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बाया आणि खांद्यावर पताका घेतलेले वारकरी दिसतात. आकृती म्हणून याहून स्पष्ट काही नाही, फक्त ढग साथ देतील याचा भरवसा धरू नका.

आणि गोरज. गुरं घरी परततात तेव्हा खुरांनी उडालेली ती धूळ, आपल्याकडे मुहूर्तालाही तिचंच नाव आहे. ती तुमच्या आणि जनावराच्या मध्ये असेल तर काळं करडं होतं. जनावराच्या मागे असेल तर तिच्यात उजेड भरतो आणि पाठीच्या केसांना सोनेरी कड येते. म्हणून वारा कुठून आहे ते बघून बसा. वारा तुमच्याकडून सूर्याकडे वाहत असला तर धूळ मागे जाते. पण काळविटाला त्याच वाऱ्यावर तुमचा वास जातो, तिथं हा हिशेब सोडा.

नान्नजचं अभयारण्य १९७९ साली माळढोक पक्ष्यासाठी जाहीर झालं. माळढोक आता जवळपास दिसेनासा झालाय. ज्या गवतावर तो जगायचा त्यावर काळवीट, लांडगे, खोकड, चंडोल अजून आहेत. काळवीट वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिथं वनखात्याची परवानगी घ्या, त्यांनी सांगितलेली वाट आणि वेळ पाळा. सुरुवातीच्या काळात मी एकदा चांगल्या कोनाच्या मोहापायी अभयारण्याबाहेरच्या माळावर मोटारसायकल कळपाच्या जवळ नेली. कळप उधळला, आणि मागे गवतात एक पाडस दबून राहिलेलं दिसलं. आई दोनशे मीटरवर उभी, अंधार पडत आलेला. मी गाडी न सुरू करता ढकलत रस्त्यापर्यंत नेली. त्या संध्याकाळचा एकही फोटो मी ठेवला नाही. धावत्या कळपाची छायाकृती हवी असेल तर ते आपसूक उड्या मारतात, विणीच्या दिवसांत नर एकमेकांच्या मागे लागतात, तोवर बसा. लांडग्याची बीळं आणि पाणवठे कुणाला सांगू नका, फोटोसोबत जागाही टाकू नका.

सूर्य बुडाला की उठू नका. पुढची वीस-बावीस मिनिटं आभाळ खालून केशरी आणि वरून निळं असतं. चेहऱ्यांवर उजेड उरत नाही, त्यामुळे काळा खरोखर काळा येतो. आयएसओ ४०० ते ८०० करा, शटर १/२५० पर्यंत आणा, आणि थांबलेली माणसं घ्या. संगणकावर काळ्याची पट्टी थोडी खाली ओढली की धुळीचा पडदा निघतो. फार ओढलीत तर फेट्याच्या सुटलेल्या धाग्यासारख्या बारीक कडा मरतात.

माणसांना आधी विचारा. काळी आकृती आहे, कोण ओळखणार, असं मलाही वाटायचं. सांगोल्याकडच्या एका धनगर मामांचा फोटो काढला होता, तिन्हीसांजेला बांधावरून जाताना. पुढच्या वर्षी त्यांचा कळप त्याच वाटेने आला तेव्हा छापून नेला. त्यांनी कागद हातात धरून दिवसाकडे केला आणि म्हणाले, "ह्यो मी न्हवं. ह्यो आमचा धाकला. त्याचा उजवा खांदा पडलाय बगा, लहानपणी घोड्यावरनं पडला व्हता." मी फोटोत खांद्याकडे बघितलं. घोंगडं खरंच एका बाजूला कललेलं होतं. धाकटे भाऊ कळपामागे होते. त्यांना हाक मारून फोटो दाखवला, ठेवला तर चालेल का ते विचारलं, आणि दुसरी प्रत त्यांच्यासाठी सोलापुरातून छापून पाठवली.